दोन मामूंचा बाक

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. आंब्याच्या लाकडाचा, आणि खरं सांगायचं तर जरा चक्रमच. पेणच्या काळुराम सुताराने मला बनवलं, तेव्हा त्याचं सगळं ध्यान गणपतीच्या मखरांकडे होतं. माझे पाय टोकांना बसवायचे सोडून पठ्ठ्याने ते मधोमध ठोकले. त्यामुळे एका टोकावरचा माणूस उठला, की दुसऱ्या टोकावरचा थेट फरशीवर! यात माझा काय दोष, तुम्हीच सांगा.

मी रोह्याच्या एका पतपेढीत असतो. रोहा-अष्टमीतल्या मुस्लिम आणि आदिवासी छोट्या धंदेवाल्यांनी मिळून ती काढली. इथे कर्जासाठी दागिने, जमीन असं तारण मागत नाहीत. जामीन मात्र दोन हवेत, आणि त्यांनी माझ्यावर एकत्र बसलं पाहिजे. आमच्या मॅनेजर नमिता मॅडम म्हणतात, "ज्यांचं आपसात पटत नाही, ते तिसऱ्याची जबाबदारी काय घेणार?"

एकदा अष्टमी गावची रुबिना कर्ज मागायला आली. ती घरी पाव भाजून विकायची. कोलाडच्या एका ढाब्याने तिला रोजच्या पावांची ऑर्डर दिली होती, पण सोमवारपर्यंत मोठी भट्टी आली नाही तर ऑर्डर जाणार होती. जामीन म्हणून तिने आणले आपले दोन मामू, लतीफमामू आणि इस्माईलमामू. सख्खे भाऊ! पण कुंपणावरच्या फणसावरून भांडले आणि बोलणंच बंद. म्हणून या शहाणीने दुसरा जामीन कोण, हे दोघांनाही सांगितलंच नव्हतं.

"हा हितं काय करतोय?" लतीफमामू दारातच कडाडले.

"मामू, माझ्यासाठी बसा ना. ऑर्डर गेली तर मी काय करू?" रुबिना त्यांची बाही धरून म्हणाली.

भाचीसाठी बसले बिचारे. एक या टोकाला, एक त्या टोकाला, तोंडं दोन दिशांना. पण थोड्याच वेळात लतीफमामूंचा पारा चढला. "मला नाय जमायचा," म्हणत ते ताडकन उठले. झालं! मी कललो. इस्माईलमामू घसरता घसरता ओरडले, "अरे बस, बस! मेलो!"

लतीफमामू घाबरून परत बसले. मग इस्माईलमामू रागाने उठायला गेले, तर लतीफमामू घसरले. मला हसू आवरेना, पण लाकडाने हसायचं कसं?

दोघेही मला घट्ट धरून बसले. शेवटी इस्माईलमामू पुटपुटले, "लतीफ, उठायचा तर एकदमच उठू."

"व्हय. पन माझा हात धर. गुडघा दुखतोय."

"कधीपासना दुखतोय? सांगायचंस तरी!"

"तुझ्याशी बोलत कुठं होतो?"

दोघेही एकदमच मधोमध सरकले आणि इस्माईलमामूंनी लतीफमामूंचा हात धरला. तेवढ्यात नमिता मॅडमनी दार उघडलं. "या दोघेही आत," त्या म्हणाल्या. आत पहिली सही कोण करणार यावरून पुन्हा जुंपली, ती गोष्ट वेगळी. पण भट्टी रविवारीच आली, आणि रुबिना मामूंच्या गळ्यात पडून रडली.

आता पतपेढीत गुळगुळीत खुर्च्या आल्यात. मला कोपऱ्यात ढकललंय, अंगावर धूळ आहे. वाईट वाटतं हो. कधी आलात तर एक फडका मारा, मी खूश होईन. आणि मित्रांनो, कुठेही बसा, पण शेजारच्याला सांगितल्याशिवाय उठू नका. त्याचा गुडघा दुखतोय का, तेवढं आधी विचारा.