टाकव्याच्या पडीवरचं तितर

टाकवे बुद्रुकला नदीकाठी वाळूची एक पड होती. तिथे कुसळही धड उगवत नसे. १९३४ साली मुंबईच्या काही हौशी शिकाऱ्यांनी ती भाड्याने घेतली. तिथे मारण्यासारखे काहीच नव्हते, पण ते आधी वाढवायचे आणि मग मारायचे, अशी योजना होती.

योजना लोणावळ्यात बंगला असलेल्या रावसाहेबांची. फांद्या तोडून वाळूवर ढीग घालायचे, वर पाला आणि शेण टाकायचे, मधल्या जागेत गवताचे बी पेरायचे. ढिगांत ससे-तितरांना आसरा मिळेल आणि गवतात चारा. राखणीला नसीरला नेमले. गावातल्या दुकानदार इब्राहिमचा हा धाकटा भाऊ. नोकरी गेली तर पुन्हा भावाच्या दुकानात गूळ तोलत बोलणी खायची होती. म्हणून त्याने गुरे अडवली, शेळ्या हाकलल्या, सरपण नेणाऱ्या बायकांशी भांडणे केली. जाळू नका, एवढे मात्र कुणाला सांगायचे राहिले.

वैशाखात अख्खे मावळ राब भाजते. भाताच्या रोपासाठी जमिनीवर फांद्या, पाला, शेण पसरून पेटवायचे, ही पिढ्यांची रीत. नसीर रावसाहेबांना भेटायला लोणावळ्याला गेला, तेव्हा शेजारचे शेतकरी महिपती पडीकडे बघून हळहळले. साऱ्या गावाचे राब भाजून झाले, दुकानदाराच्या भावाचा तेवढा राहिला! त्यांनी घरची माणसे बोलावली, ढीग सारखे पसरले आणि वारा बघून पेटवून दिले.

दुसऱ्या दिवशी नसीर सायकलवर पुढे आला. रावसाहेबांची मोटार मुंबईच्या पाहुण्यांना घेऊन मागून येत होती.

“आबा, ह्ये काय केलं?”

“तुजा राब भाजला. आभार मानू नगं.”

“राब न्हवता त्यो! जनावरांची घरं व्हती.”

“कंच्या जनावरांची?”

“सशांची. तितरांची.”

महिपतींनी राखेवरून नजर फिरवली. “भाडेकरू आलेलं का कुनी?”

त्यांची बायको मुक्ताबाई म्हणाली, “एक आलंय की. त्या कोपऱ्यात तितर अंड्यांवर बसलंय. तेवढा ढीग मी पेटवू दिला न्हाई.”

मोटार थांबली. रावसाहेब उतरले आणि त्यांचा चेहरा पडला. एका स्थूल पाहुण्यांनी मात्र मान डोलावली.

“वा! आधी जाळायचं, मग पेरायचं. नवी पद्धत दिसते.”

रावसाहेबांनी राखेकडे पाहिले, मग पाहुण्यांकडे. “अगदी शास्त्रीय,” ते म्हणाले. आता कुणाला तरी दरडावणे भाग होते. “नसीर, हा कोपरा का राहिला? आजच्या आज जाळ, नाहीतर भावाच्या दुकानात जाऊन बस!”

नसीरने नकारार्थी मान हलवली. “न्हाई जाळणार, साहेब.”

“काय?”

“तितर बसलंय अंड्यांवर. सगळ्या पडीत आपल्याकडं तेवढंच हाय.”

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. योजना फळाला आली होती. रावसाहेबांचा आवाज एकदम मऊ झाला. “म्हणून तर तो मुद्दाम राखून ठेवलाय. शाबास, नसीर.”

पाहुणे अंडी बघायला पुढे सरसावले. नसीर हात पसरून आडवा उभा राहिला.

“पाखरू उठलं तर परत बसायचं न्हाई, साहेब. हितूनच बघा.”

आणि मुंबईचे पाच नामांकित शिकारी घोट्यापर्यंत राखेत उभे राहून, श्वास रोखून, एका ढिगाकडे बघत राहिले. तितर काही दिसले नाही.