दहावा वाटा

मित्रांनो, माझा जन्म झाला तोच आतून जळून. पांढऱ्या ओकच्या फळ्या वाफेवर वाकवल्या, लोखंडी कड्यांत आवळल्या, आणि मग माझ्या पोटात जाळ सोडला. मिनिटभर मी धगधगत होतो. पाण्याचा शिडकावा झाला तेव्हा माझी आतली बाजू कोळशासारखी काळी आणि भेगाळलेली झाली होती. मी व्हिस्की मुरवायचा बॅरल आहे. कोडोलीच्या गोदामातला बाळाप्पा मात्र मला नेहमी 'पिंप' म्हणायचा, आणि मला तेच आवडायचं.

माझा मुलूख अमेरिकेतलं केंटकी. तिथं माझ्यात बर्बन भरली. बर्बन म्हणजे मुख्यतः मक्याची दारू, आणि ती मुरवायची तर पिंप नवंच लागतं, आतून जाळलेलं. तसा तिथला कायदाच आहे. म्हणून आमच्यासारख्यांचं बर्बनशी एकदाच लग्न लागतं. सहा वर्षं मी एका उंच लाकडी गोदामात पडून होतो. उन्हाळ्यात दारू माझ्या भेगांत शिरायची, थंडीत परत बाहेर यायची, आणि जाताना माझी गोडी घेऊन जायची. थोडी मात्र कधीच परत यायची नाही. तिची वाफ व्हायची, ती माझ्या फळ्यांतून झिरपायची आणि हवेत निघून जायची.

त्या गोदामाबाहेरची झाडं काळी होती. बुंधे काळे, फांद्या काळ्या, कुंपणसुद्धा काळं. एक बुरशी असते मित्रांनो, ती दारूच्या वाफेवर वाढते. माझ्या बुडाशीही ती बसली होती. तिथल्या माणसांना तिची सवय होती, कुणी तिच्याकडे वळून बघायचं नाही. मीही बघितलं नाही.

एक दिवस एक म्हातारा आला. त्यानं दोनशे पिंपांतून थेंब थेंब चाखला आणि फक्त चौदा पिंपांवर खडूनं खूण केली. त्या चौदांत मी होतो. आमची दारू एकत्र करून थोड्याच बाटल्या भरल्या. अशा थोड्या पिंपांच्या दारूला तिकडे 'स्मॉल बॅच' म्हणतात. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत मानाचा दिवस. दुसऱ्याच दिवशी मला रिकामं करून अंगणात टाकलं, कारण बर्बनला माझा आता काही उपयोग नव्हता.

तिथून जहाजानं आणि मग ट्रकनं मी कोल्हापूरला आलो. बुडाची काळी बुरशी माझ्याबरोबर आली, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

कोडोलीच्या शिवारात विजयसिंह नावाच्या मालकानं व्हिस्कीचा छोटा कारखाना काढला होता. राजारामपुरीतल्या क्लासमध्ये बरीच वर्षं रसायनशास्त्र शिकवलेल्या इरावतीबाई तिथं दारूची चव आणि वास तपासायला होत्या. त्या घोटभरसुद्धा गिळायच्या नाहीत. चाखायच्या, थुंकायच्या आणि वहीत लिहायच्या. आणि पिंपांची सगळी देखभाल बाळाप्पाकडे होती. गळ्यात लिंग, कपाळावर भस्म, आणि दारूचा थेंब आयुष्यात न शिवलेला माणूस. रोज सकाळी तो एकेका पिंपावर बोटांनी टकटक करायचा, कान लावायचा, कुठं गळती असेल तिथं लाकडाची बारीक पाचर ठोकायचा. इतकी माया मला केंटकीतही मिळाली नव्हती.

माझ्यात आता जवाची दारू भरली. जव म्हणजे सातू. मी जाळीच्या खिडकीशी उभा होतो. खिडकीपलीकडे दहा पावलांवर बाळाप्पाच्याच घराची मागची भिंत होती. पांढरीशुभ्र, दरवर्षी चुना दिलेली.

इथलं ऊन मला नवीन होतं. मार्चपासून माझ्या फळ्या ताणल्या जायच्या आणि दारू वाफ होऊन भराभर निघून जायची. पहिली दोन वर्षं भिंतीवर काही दिसलं नाही. तिसऱ्या वर्षी बाळाप्पाच्या मुलाचं, गुरुप्रसादचं लग्न झालं. तो कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या मोबाइलच्या दुकानात कामाला होता. सून सीमेकडच्या गावातली, दानेश्वरी. मराठी बोलता बोलता मध्येच कानडीत शिरायची. सासूला 'अत्ती' म्हणायची. मागच्या भिंतीला एक खिळा होता, त्यावर ती आपली साडी वाळत घालायची. एक काढली की दुसरी, बारा महिने.

आणि त्याच वर्षी भिंत काळी पडायला लागली.

आधी छपराखाली धुरासारखी एक रेघ आली. मग ती खाली उतरली. दानेश्वरीची सासू मल्लव्वा खराट्यानं घासायची, चुना द्यायची. महिन्याभरात काळं पुन्हा वर यायचं, चुन्याच्या आतून आल्यासारखं. दारातली तुळस काळी झाली. दोरीवरचा बाळाप्पाचा पांढरा सदरा काळवंडला. घरात चूल नव्हती, गॅस होता. आजूबाजूला गुऱ्हाळ नव्हतं. मग काळं येतं कुठून?

एका दुपारी शेजारची विठाबाई त्या भिंतीशी उभी राहिली.

"मल्लव्वा, राग मानू नगंस. सून आली आन् भिंत काळी पडली. आदी कवा असं झालंतं?"

"न्हाय बाई. पर पोरगी गुणाची हाय."

"गुणाचीच हाय की. तिच्या पाटनं काय आलंय त्ये बघ म्हनते मी."

मी दहा पावलांवर होतो. माझीच वाफ जाळीतून बाहेर पडत होती, त्या दोघींच्या डोक्यांवरून जात होती आणि भिंतीवर बसत होती. मला दिसत होतं. पण पिंपाला तोंड असतं ते फक्त दारू ओतायला.

मग लिंबू झाले, अंगारे झाले. दानेश्वरी मुकाट्यानं भिंत घासायची. तिच्या नखांत काळं शिरायचं, आणि बायका तिच्या नखांकडे बघायच्या. पुढच्या चैत्रात तिला माहेरी पाठवून दिलं. "चार दिस जाऊन ये," असं मल्लव्वा म्हणाली, पण पेटी मात्र पूर्ण भरून दिली होती.

तिनं जाताना खिळ्यावरची साडी काढली. आणि मित्रांनो, त्या काळ्या भिंतीवर एक बाई उभी राहिली. साडीमागचा भाग तेवढा पांढरा राहिला होता. वर खिळ्याशी निमुळता, खाली घोळदार. डोक्यावरून पदर घेतलेली, तोंड नसलेली बाई. मल्लव्वानं ती बघितली आणि हातातली बादली तिथंच टाकून आत गेली. त्यानंतर ती घरामागं फिरकली नाही. गुरुप्रसाद सुट्टीला आला की जाळीकडे पाठ करून त्या बाईकडे बघत बसायचा. एकदा त्यानं तिच्या खांद्याच्या जागी हातही ठेवला.

पण माझी वाफ थांबली नव्हती. ती बाई हळूहळू बुजायला लागली. आधी पाय गेले, मग कंबर. मी रोज बघत होतो आणि रोज मीच तिला बुजवत होतो.

त्याच सुमारास माझी जवाची दारू तयार झाली. विजयसिंहांनी कोल्हापुरातल्या तीन हॉटेलवाल्यांना दुपारी गोदामात बोलावलं. इरावतीबाईंनी माझ्या शेजारच्या टेबलावर पाच ग्लास मांडले.

"पहिला हा स्मॉल बॅच बर्बनचा," त्या म्हणाल्या. "नुसता वास घ्या आधी."

एका पाहुण्यानं नाक घातलं. "आयला, काकवीचा वास येतोय की!"

"बरोबर. मका आणि नवं जळकं लाकूड, त्यामुळं तो गोडवा. मोठ्या कारखान्यात शेकडो पिंपं एकत्र करतात, म्हणजे चव दरवर्षी तीच राहते. स्मॉल बॅचमध्ये मोजकी पिंपं निवडतात. अर्थात मोजकी म्हणजे किती, याला नियम नाही. कुणी दहा घेतं, कुणी दोनशे घेऊनही तेच नाव लावतं. लेबल बघून भुलू नका."

दुसरा ग्लास राय नावाच्या धान्याचा होता, मिऱ्यासारखा ठसका लागणारा. तिसरा स्कॉटलंडचा. तिथं जव वाळवताना दलदलीतून कापून काढलेली कुजक्या गवताची वाळकी माती जाळतात, म्हणून त्याला धुराचा वास. पाहुणा म्हणाला, "ह्यो तर दवाखान्याचा वास!" चौथा, आपल्याकडं व्हिस्की म्हणून खपतं त्यातल्या पुष्कळ मालाचा, म्हणजे उसाच्या मळीच्या दारूवर बेतलेला. त्याला वास कमी आणि जाळ जास्त. पाचवा ग्लास माझा होता. पाहुण्यांनी पुन्हा एकेक घोट घेतला. जवाची भाजकी चव, आणि तिच्यामागून माझ्यात उरलेल्या बर्बनची काकवी.

"चारच वर्षांची?" एकानं विचारलं. "एवढी दाट कशी वो?"

"आपल्या उन्हामुळं. स्कॉटलंडमध्ये वर्षाला शंभर लिटरमधली दोन लिटर उडून जाते. केंटकीत चार-पाच. आपल्याकडं दहा. दहावा वाटा हवेत जातो, उरते ती दाट होते."

बाळाप्पा माझ्यामागं उभा होता. त्यानं विचारलं, "आन् बाई, त्यो दहावा वाटा जातो कुटं?"

विजयसिंह हसले. "देव पितात म्हणं, बाळाप्पा!"

सगळे हसले. बाळाप्पा हसला नाही. "आमचा देव पीत न्हाय, मालक."

इरावतीबाईंच्या हातातला ग्लास तसाच राहिला. त्यांनी खिडकीच्या जाळीतून बाहेर बघितलं. बाहेर काळी भिंत होती, आणि तिच्यावर खांद्यापासून वरची पांढरी बाई.

पाहुणे गेल्यावर त्या माझ्यापाशी गुडघ्यांवर बसल्या. मोबाइलचा उजेड माझ्या बुडाशी धरला, रुमाल घासला आणि काळा झालेला रुमाल विजयसिंहांपुढं धरला. मग म्हणाल्या, "ही बुरशी आहे. आपल्या वाफेवर वाढते. त्या पोरीचा काही संबंध नाही."

विजयसिंहांनी दाराकडं एकदा बघितलं. मग म्हणाले, "मॅडम, गावात कळलं तर उद्या गोदाम हलवा म्हणतील. त्यांच्या घरातलं हाय त्ये. आपण कशाला पडायचं मधी?"

"पण तिला टाकतायत हो ते."

"मी सांगतो बाळाप्पाला. माझ्यावर सोडा."

त्यांनी सांगितलं नाही. आणि इरावतीबाईंनीही सांगितलं नाही. वीस दिवस त्या येत राहिल्या, चाखत राहिल्या, वहीत लिहीत राहिल्या. खिडकीकडं पाठ करून बसायला लागल्या. मी त्यांना वाईट म्हणत नाही. पण ते वीस दिवस मला केंटकीच्या सहा वर्षांहून लांब वाटले.

एकविसाव्या दिवशी बाळाप्पा जेवणाचा डबा विसरला. दुसऱ्या दिवशी सोमवारी दोन्हीकडच्या माणसांची बैठक होती, सोडचिठ्ठीची. त्याचं कशातच लक्ष नव्हतं. मला रिकामं करायला त्यानं दाराशी आडवं केलं होतं, बूड उजेडाकडं करून, आणि इरावतीबाई वही घेऊन शेजारी बसल्या होत्या. मल्लव्वा डबा घेऊन आली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच गोदामाच्या दारात आली होती.

ती थांबली. डबा खाली ठेवला. अंगठ्यानं माझं बूड घासलं, अंगठा नाकाशी नेला, मग दोन बोटांत ते काळं चोळून बघितलं.

"वरीसभर घासालोय मी ह्ये," ती म्हणाली. "मला कळत न्हाय व्हय?"

 तिनं इरावतीबाईंकडं बघितलं. "बाई, ह्येच हाय न्हवं त्ये?"

"हो, मावशी. तेच आहे."

"तुमास्नी ठावं हुतं?"

 इरावतीबाईंनी होकारार्थी मान हलवली. मल्लव्वा दारातच बसली आणि आपल्या काळ्या अंगठ्याकडं बघत म्हणाली, "पोरीची नखं बगायच्या समद्या. मी बी बगितली."

बैठक झाली नाही. बाळाप्पा आणि गुरुप्रसाद त्याच दिवशी गाडी करून सीमेकडं गेले. दानेश्वरी आली, पण घरात गेली नाही. सरळ गोदामात आली, मल्लव्वा तिच्या मागोमाग. मला बघायचं आहे म्हणाली. बाळाप्पानं मला दाखवलं. तिनं माझ्या बुडावर अख्खा तळवा टेकवला. तिचा हात उबदार होता. मग काळा झालेला तळवा तिनं उलटा करून सासूपुढं धरला.

"अत्ती, बघा. आता ह्या पिंपाला पण माहेरी धाडता?"

मल्लव्वा रडायला लागली. दानेश्वरी रडली नाही. ती म्हणाली, "मी ह्येंच्यासंगं ऱ्हाते. त्या भिंतीच्या आत न्हाय."

ती गुरुप्रसादबरोबर मंगळवार पेठेतल्या दोन खोल्यांत राहायला गेली. वर्षभरात मल्लव्वा आणि बाळाप्पाही तिकडं गेले. बाळाप्पानं नोकरी सोडली. जाण्याआधी त्यानं माझ्यावर टकटक केली, कान लावला आणि निघून गेला. इरावतीबाईंनी काळ्या भिंतीवर एक पाटी लावली होती: 'हे काळं दारूच्या वाफेनं येतं, माणसानं नाही.' मग त्याही दुसऱ्या गावी नोकरीला गेल्या. पहिल्या पावसाळ्यात पाटी पडली. विजयसिंहांनी ती पुन्हा लावली नाही. भिंतीवरची बाई आता पूर्ण बुजली आहे. ती कुठं होती हे मलाही नीट सांगता येत नाही.

मित्रांनो, मी आता म्हातारा झालो आहे. तिसऱ्यांदा भरलेली दारू माझ्याकडून फारशी गोडी घेत नाही. चाखणारे नाक मुरडतात. पण दहावा वाटा अजून जातो.

गेल्या आठवड्यात बाळाप्पाच्या त्या घरात नवीन बिऱ्हाड आलं, नवरा-बायको आणि सासू. लांबच्या गावचं आहे, इथलं त्यांना काही ठाऊक नाही. नवऱ्यानं भिंत घासून तिला चुना दिला. काल त्याची बायको मागं आली. नवी नवरी आहे, हिरवा चुडा अजून हातात आहे. तिनं भिंत न्याहाळली, खिळा हलवून बघितला आणि त्यावर आपली साडी घातली.

तुमच्यापैकी कुणी कोडोलीकडं येणार असाल, तर व्हिस्की चाखायला नंतर या. आधी त्या घरी जा आणि तिच्या सासूला सगळं सांगा. मला बोलता येत नाही. आज सकाळी छपराखाली एक रेघ दिसायला लागली आहे.