खालचं टोक

थोरल्याच्या उघड्या कमरेवर बाई एकेक तार चिकटवत होत्या, आणि धाकटा दाराला टेकून बघत होता.

"अजून किती?" धाकटा म्हणाला. "माणूस आहे का विजेचा खांब?"

"झालंच," बाई म्हणाल्या. जुनाट कंबरदुखीवर त्यांचं संशोधन चालू होतं. थोरला घरी त्यांना तारवाल्या बाई म्हणायचा, तोंडावर मात्र मॅडम.

दोघं भाऊ घरसामान हलवायचे. जिन्यावर खालचं टोक थोरल्याचं, वरचं धाकट्याचं. खालच्यावर सगळा भार, म्हणून मानही त्याचाच. दोन वर्षांपूर्वी एक फ्रीज उतरवताना थोरल्याची कंबर अशी धरली की हात सुटला. धाकट्याने वरून एकट्याने फ्रीज पेलला, पण मनगट मोडून घेतलं. मनगट कधीच बरं झालं. कंबर काही होईना. एक्स-रे झाले, गोळ्या झाल्या, पट्टे झाले. डॉक्टर म्हणायचे, आत मोडलेलं काही नाही. ते ऐकलं की थोरल्याचं डोकं फिरायचं. मग काय मी सोंग करतोय?

बाईंनी तसं म्हटलं नव्हतं. "दुखणं खरं आहे," असं त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. मग त्यांनी त्याला वाळूचं खोकं उचलायला लावलं आणि हातातल्या टॅबच्या पडद्यावर दाखवलं: हात खोक्याला लागायच्या आधीच कंबर दगडासारखी आवळली जात होती, आणि श्वास बंद. मग बूट घालायला लावला. तेच. जमिनीवरचं पेन उचलायला लावलं. तेच.

त्यांच्या धंद्यात उचलल्यापासून ठेवेपर्यंत तोंड उघडायचं नाही, हा बापाचा नियम. तोंड उघडलं की दम गेला, दम गेला की माल गेला. थोरला गेली दोन वर्षं घरात नुसता बसून होता, पण दम काही सोडला नव्हता. चहाचा कप उचलतानाही तो जणू कपाटच उचलत होता.

आज खऱ्या मालाची पाळी होती. खोलीतलं लोखंडी कपाट दोघांनी एक मजला खाली न्यायचं, आणि नेताना थोरल्याने बोलत राहायचं.

"बोलत?" धाकट्याला ते पटेना. "मॅडम, आमच्यात जिन्यावर कुणी बोलत नाही."

"म्हणूनच. याने यांना बरं वाटेल का, तेच तर बघतेय. खात्री मलाही नाही."

"ऐकलंस, दादा? यांनाही माहीत नाही." धाकटा जवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "हे बघ, तुझ्या जागी माझ्याकडे एक गडी तयार आहे. खांदे असे, की दारातून तिरका जातो. त्याला आज संध्याकाळी हो किंवा नाही सांगायचंय. मधेच ठेवलंस तर मी त्याला हो म्हणणार. मग तोंड फुगवायचं नाही."

"आणि खाली कोण?"

"खाली मी. माझं मनगट काय फुकट मोडलं?"

थोरल्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण त्याने जाऊन कपाटाचं वरचं टोक धरलं.

कपाट उचललं. पहिल्या पायऱ्या बऱ्या गेल्या. बाई टॅब हातात घेऊन मागून येत होत्या. "बोला," त्या म्हणाल्या. थोरल्याला एक शब्द सुचेना. वळणावर कपाट तिरकं करावं लागलं आणि कमरेत सुरी फिरल्यासारखी कळ आली. छाती आपोआप बंद झाली. बोटांना घाम सुटला.

"श्वास थांबलाय," बाई म्हणाल्या.

"ठेवतोस?" खालून धाकटा म्हणाला. त्याच्या कपाळाची शीर तटतटली होती. "दादा, सरळ सांग. ठेवतोस का?"

ठेवलं की संपलं. थोरल्याने खाली बघितलं. काहीतरी बोलायचं होतं, काहीही.

"तुझा बूट फाटलाय," तो म्हणाला.

"काय?"

"अंगठा बाहेर आलाय. असल्या बुटावर खालचं टोक धरतोस? लाज नाही वाटत?"

"तू मला शिकवतोस? तू?" बापाचा नियम विसरून धाकटाही बोलला. "दोन वर्षं मी मिळेल त्या भुरट्याला घेऊन फिरतोय, आणि तू गादीवर बसून बूट बघ!"

"बसून? तुला काय वाटतं, मजेत होतो? तुझी वहिनी बादली उचलते आणि मी बघत बसतो. डावीकडे घे, कठडा लागेल."

"दिसतोय मला कठडा. भेटायला आलो की भिंतीकडे तोंड करून झोपायचास!"

"मनगटाला प्लास्टर घेऊन आलास की कुठे बघू? पाय टेक नीट!"

दुखत होतं. चांगलंच दुखत होतं. पण भांडता भांडता दम आत-बाहेर जात होता, आणि मघाची सुरी आता बोथट झाली होती. शेवटच्या पायरीवर धाकटा "ठेव" म्हणाला, आणि कपाट आवाज न करता जमिनीला लागलं.

दोघं धापा टाकत उभे राहिले. बाई पडद्याकडे बघत होत्या. "वळणावर आवळली होती. मग सैल झाली. पूर्ण नाही."

"म्हणजे बरा झाला?" धाकट्याने विचारलं.

"नाही. म्हणजे त्रास होऊनही ते थांबले नाहीत. पुढचं हळूहळू कळेल."

धाकटा घाम पुसत जिन्याकडे बघत राहिला. गड्याचं नाव त्याने काढलं नाही, आणि थोरल्याचीही विचारायची छाती होईना.

"हे आता परत वर न्यायचंय ना?" धाकटा शेवटी म्हणाला.

"हो. फाइली आहेत माझ्या त्यात," बाई म्हणाल्या.

धाकटा कपाटाला वळसा घालून चार पायऱ्या वर चढला, वाकला आणि वरची कड धरली. थोरला अजून जागेवरच होता.

"बघत काय बसलायस?" धाकटा म्हणाला. "धर तुझं टोक. आणि बोलायचं तर माझ्या बुटाबद्दल नको."