झुंबरबाईंचं रुसलेलं स्लायडिंग

"लागलं! लागलं गं बया!" शेजारची कोंडाबाई एवढ्या जोरात किंचाळली की गोठ्यातली गाय दचकली आणि तिनं लाथ झाडली. नशीब माझं, लाथ बादलीला लागली.

मी गुरांची डॉक्टर. पिंपळवंडीत गोरखच्या जर्सीची कास सुजली म्हणून सकाळीच आले होते. पण गाय धरायला घरातलं एक माणूस जागेवर असेल तर शपथ! सगळी आळी बंगल्याच्या मागच्या अंगाला लोटली होती. बायका, म्हातारे, दुधाच्या किटल्या हातात घेऊन थांबलेले गवळी, सगळे चपला काढून आणि हात जोडून उभे. समोर ना मूर्ती ना पालखी. समोर होतं एक काचेचं दार.

ते दार मला ठाऊक होतं. गोरखनं नवा बंगला बांधला तेव्हा पुण्यातल्या साडूच्या घरी बघून आला आणि मागच्या ओट्याकडे भिंतभर सरकतं दार बसवलं. त्याला दार म्हटलेलं गोरखला खपत नाही, 'स्लायडिंग' म्हणायचं. ओट्याच्या पलीकडे लगेच ऊस, आणि ऊस म्हणजे आमच्या तालुक्यात बिबट्याचं बिऱ्हाड. त्यामुळे त्या स्लायडिंगचं लॉक धड लागणं फार गरजेचं. आणि नेमकं तेच दिवाळीपासून बिनसलं होतं. कधी लागायचंच नाही. कधी लागल्यासारखं दाखवायचं, आणि रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर धडधडत गेला की आपलं आपण सुटून दार हळूच सरकायचं. एका पहाटे दार उघडं सापडलं आणि आत पायपुसण्यावर झोपणारं कुत्रं गायब.

कुत्रं बिबट्यानं नेलं, यात कुणाला शंका नव्हती. पण दार कुणी उघडलं? दार लावायचं काम सुनेचं, रत्नाचं. ती देवाशप्पथ सांगत होती की मी लावलं होतं. मग गावानं डोकं चालवलं, म्हणजे बाजूला ठेवलं, आणि चावीनाथ महाराजांना बोलावणं धाडलं.

महाराज म्हणजे काय थाट! भगवी लुंगी, डोळ्यांत काजळ आणि गळ्यात रुद्राक्षाऐवजी चाव्यांची माळ. चालले की खुळखुळ वाजायचे. मी गर्दीतून पुढे घुसले तेव्हा ते टीव्हीवरच्या साधूसारखं हिंदी झाडत होते.

"बच्चा, ये दरवाजा नहीं, द्वार है! द्वार में देवता है! देवता को कोण आवडतंय अन् कोण न्हाई, ते ह्यो चावीनाथ सांगणार. ॐ कडी, ॐ कोयंडा, ॐ कुलूप फट्!"

"फट्!" सगळी आळी म्हणाली.

महाराजांनी कमरेच्या पुडीतून काळा अंगारा काढला, किल्लीच्या भोकात फुंकला आणि दाराच्या मुठीला आशीर्वाद द्यावा तसा तळवा लावला. "झुंबरमाई, लोटा!"

झुंबरबाई म्हणजे रत्नाची सासू. तिनं पदर सावरून दार लोटलं. खट्! लॉक लागलं. पुन्हा लोटायला लावलं, पुन्हा खट्. कोंडाबाईनं पुन्हा किंकाळी मारली.

"आता सून."

रत्ना पुढे आली. रडून रडून डोळे सुजलेले. महाराजांनी तिच्या डाव्या हातात नारळ-खणाची ओटी दिली आणि फर्मावलं, "उजव्या हाताचं एक बोट. एकच. पाप नसंल तर एका बोटानं लागतंय." या खेपेला आशीर्वादाचा तळवा मात्र कमरेवर.

रत्नानं बोटानं दार लोटलं. दार सरकत गेलं आणि चौकटीच्या अलीकडे बोटभर फट ठेवून थांबलं. तिनं जोर लावला. दार हलेना.

"अरारारा!" आळी हळहळली. पण त्या हळहळीत चवसुद्धा होती, खोटं कशाला सांगू?

"देवतेला सून सोसत न्हाई," महाराजांनी निकाल दिला. "माहेरी धाडा. द्वार शांत झालं की मी कळवीन. लेकरू हितंच ऱ्हाईल, घराण्याचं हाय."

तेव्हा मला ओट्याच्या पायरीवर ठेवलेली बॅग दिसली. पुढच्या अंगणात जीप उभी होती, पेठला जायला. रत्नाचं माहेर पेठचं. तिची लेक मोहिनी आईच्या साडीचा काठ मुठीत घट्ट धरून उभी होती, आणि नवरा गोरख? गोरख मान खाली घालून फरशीकडे बघत होता. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला म्हणून सांगू!

पण गुरांच्या डॉक्टरला एक सवय असते. पेशंट बोलत नाही, म्हणून बघावं लागतं. आणि मी बघितलं होतं, झुंबरबाई दार लोटत होती तेव्हा महाराजांच्या मनगटाच्या शिरा टरारून फुगल्या होत्या. आशीर्वाद देताना शिरा फुगत नाहीत. वजन उचलताना फुगतात. बसलेली म्हैस उठवताना आमच्या फुगतात तशा!

मी सरळ दारापाशी उकिडवी बसले आणि खाली बघितलं. दार ज्या रुळावरून सरकतं तो रूळ अॅल्युमिनियमचा असतो, चंदेरी. हा पिवळा, लाल आणि कोपऱ्यात तर चक्क खडबडीत.

"झुंबरबाई, हे काय हो?"

"काय म्हंजी? उंबरा हाय की मागल्या दाराचा," झुंबरबाई म्हणाली. "रत्ना रोज पुजती. हळद, कुक्कू, अक्षता, वर तांब्याभर पाणी. आन् दार रुसलं म्हनून बोलावणं धाडलं तवा म्हाराजांनी अक्षता दुप्पट करायचा निरोप दिला. त्याबी टाकती बिचारी."

सासूच्या तोंडून नकळत 'बिचारी' निघालं. ते मी लक्षात ठेवलं.

आता मी सगळं सांगून टाकू शकले असते. पण भाषणानं भुरळ उतरत नाही, हे मी लसीकरणाच्या कॅम्पात शिकलेय. शिवाय माझ्या नारायणगावच्या फ्लॅटच्या बाल्कनीला असंच दार आहे. ते अडकलं होतं तेव्हा मी दिवसभर त्याच्याशी झटापट केली होती. त्यामुळे अंगात जरा आगाऊपणा होताच.

"काही देवता-बिवता नाही," मी मोठ्यानं म्हणाले. "याची चाकं बिघडलीत. सोपं काम आहे. वरच्या पट्टीत स्क्रू असतो, तो वरून पिळला की दार उचललं जातं."

महाराजांची भुवई हलली.

"वरच्या स्क्रूनं चाकं वर येतात," मी रेटून पुढे गेले. "नाहीतर लॉकच उपटून उलटं बसवायचं. हातोडीचे दोन ठोके काचेवर दिले की..."

"ओ म्याडम, काचंवर हातोडी?" महाराज कळवळले. "आन् स्क्रू वर नसतोय! खाली असतोय, दाराच्या कडंला भोक असतं, त्यात पाना घालून रोलर चढवायचा! आन् ह्याचा रोलर चांगला हाय, ट्रॅकमदी कचरा झालाय निस्ता, तेवढा काढला की..."

आणि महाराज थांबले. पण उशीर झाला होता. 

"ट्रॅकमध्ये काय झालंय म्हणालात, महाराज?" मी गोड आवाजात विचारलं.

"द्वार... देवता..."

"द्वार न्हाई, ट्रॅक म्हनला तू!" झुंबरबाई कडाडली. 'तुमी'चं 'तू' झालेलं सगळ्यांनी ऐकलं. "आन् तुला कसं ठावं रं स्क्रू कुटं असतोय त्ये?"

"खोट्या स्क्रूला म्हाराज भुलला!" मागून एक गवळी खिदळला, आणि ज्यांनी मघाशी हात जोडले होते तेच लोक फिसकन हसायला लागले.

महाराज ओट्याच्या कठड्यावर मटकन बसले. चाव्या खुळखुळल्या. त्यांचं खरं नाव सुदर्शन, हे त्यांनीच कबूल केलं. चाकणकडे स्लायडिंग बसवणाऱ्या एका टोळीत होते. "फिटर म्हनून गेलं तर कोन च्याबी इच्यारत न्हाई, म्याडम," ते पुटपुटले. "माळ घातली तर पाय धुत्यात." मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. पण पेठच्या जीपकडे बघितलं आणि वाईट वाटणं लगेच थांबलं.

"आणि तो अंगारा?" मी त्यांच्या पुडीत बोट बुडवलं आणि माझ्या औषधांच्या चिठ्ठीच्या कागदावर ओढलं. चकचकीत काळी रेघ उमटली. "मोहिनी, तुझं खोडरबर आण गं."

पोरगी धावत गेली, आली आणि खसाखसा रेघ पुसली. "पेन्सिल हाय ही!" ती ओरडली.

पेन्सिलच्या शिशाची पूड होती ती. कुलपात खोबरेल ओतलं की त्यावर धूळ चिकटून लगदा होतो. ही कोरडी पूड मात्र किल्ली गुळगुळीत फिरवते. म्हणजे औषध बरोबर होतं, फक्त पेन्सिलला अंगारा म्हटलं होतं.

"आता काढ त्यो कचरा," झुंबरबाईनं सुदर्शनला दरडावलं. "बस खाली!"

जुना टूथब्रश आला, गरम पाणी आलं, बोथट सुरी आली. महाराज लुंगी खोचून रुळापाशी ओणवे झाले. हळदीत भिजलेल्या, वाळलेल्या आणि रोज नव्या पाण्यानं पुन्हा चिकटलेल्या अक्षतांची दगडासारखी ढेप कोपऱ्यातून निघाली. बरोबर तिथूनच, जिथं दार चौकटीला भिडतं. दाराचं चाक त्या ढेपेला अडायचं, दार बोटभर अलीकडे थांबायचं, आणि लॉकचा आकडा चौकटीतल्या खाचेपर्यंत पोचायचाच नाही. मूठ धरून दार जरा उचललं की चाक ढेपेवर चढायचं आणि खट्! तोच महाराजांचा आशीर्वाद. पण चढलेलं चाक ढेपेवर टिकतंय किती? आकडा जेमतेम टेकलेला. ट्रॅक्टर धडधडला की चाक घसरायचं, आकडा सुटायचा, दार सरकायचं. जितकी पूजा जास्त, तितकी फट मोठी. रत्नाची भक्तीच तिच्या मुळावर आली होती.

रूळ पुसून कोरडा झाला. "रत्ना, ये," मी म्हणाले. "तीच ओटी डाव्या हातात घे. एकच बोट."

तिनं दार लोटलं. सरसर गेलं. खट्! गोरखनं दोन्ही हातांनी ओढून बघितलं. दार जाग्यावरून हललं नाही.

"चमत्कार गं बया!" कोंडाबाई ओरडली.

"कोंडाबाई!" मी असं ओरडले की तीच दचकली. "टूथब्रश आहे तो!"

झुंबरबाई सुनेकडे बघेना. पदराचं टोक चाळवायला लागली. मग म्हणाली, "पोरी, चुकलं माझं. जीप पाठवून दे माघारी. ती बॅग आत ने."

रत्नानं ओटी खाली ठेवली. डोळे पुसले. बॅग उचलली आणि घरात न जाता मोहिनीचा हात धरला.

"न्हाई आत्या. जीप आली हाय तर जाते. आठ-पंधरा दिवस आईकडं ऱ्हाऊन येते, मोहिनीला घिऊन. तुमी घालवली म्हनून न्हाई जात. मला जायचंय म्हनून जाते." मग ती नवऱ्याकडे वळली. "आन् तुमी. पुन्यावरनं येवढं दार आनलंत, पन येकदा तरी खाली वाकून बघितलंत का? माझ्यासाटी येक शबुद तरी काढला का तोंडातनं?"

गोरखनं खाली पडलेला टूथब्रश उचलला.

"मी येईपर्यंत त्यो ट्रॅक तुमी पुसायचा. पूजा मी आल्यावर करीन, पाटावर." आणि ती ताठ मानेनं जीपमध्ये जाऊन बसली. जीप निघाली तसा गोरख टूथब्रश घेऊन रुळापाशी बसला.

मी गाईकडे परत गेले. बाबांनो, बायांनो, मला एवढंच म्हणायचंय. दार लागत नसेल, गाय दूध देत नसेल, पोर आजारी पडत असेल, तर कारण असतं, आणि ते बहुतेक वेळा डोळ्यांना दिसतं. फक्त त्यासाठी वाकून बघावं लागतं. आणि घरातल्या कुठल्याही बाईच्या माथी दोष मारण्याआधी तर बघावंच लागतं, कारण त्या दिवशी मला गाय धरायला माणूस मिळालं असतं तर मी मागच्या ओट्यावर गेलेच नसते, आणि रत्ना रडत, लेकीशिवाय गेली असती.