‘केळीबनातली बाई’वरची चर्चा

“चोर कोण ते बाराव्या पानावरच कळतं! मग उरलेली ऐंशी पानं मी काय माशा मारायच्या?”

किरणनं पुस्तक टेबलावर आपटलं. त्याचं मेडिकलचं दुकान होतं आणि गिऱ्हाईक नसलं की तो काउंटरमागे रहस्यकथा वाचत बसे. त्यामुळे फसलेल्या रहस्यकथेचा त्याला राग यायचा तो भेसळीच्या औषधाचा यावा तसा.

देवपुरातल्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर रविवारी दुपारी वाचकमंडळ जमायचं. या वेळी चर्चेला ‘केळीबनातली बाई’ नावाची छोटी कादंबरी होती. लेखक कुणी ‘तापीकर’. हे नाव त्याआधी कुणी ऐकलेलं नव्हतं. जळगावच्या एका लहानशा प्रकाशकानं ती काढली होती. पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरचं चित्र त्याचा मित्र लांबवतो, त्यावर स्वतःची सही ठोकतो आणि मोठा चित्रकार होऊन बसतो. पुष्कळ वर्षांनी पेंटरला मुंबईच्या एका प्रदर्शनात तेच चित्र टांगलेलं दिसतं. एक इन्स्पेक्टर मध्येच उगवतो, मध्येच मावळतो. शेवटी पेंटर कुणाशी एक शब्दही न बोलता गाडी पकडून गावी परततो.

“लेखकाला शेवट सुचला नाही,” मंडळाचे प्रमुख, मराठीचे निवृत्त प्राध्यापक प्रेमराज सर म्हणाले, “आणि मग त्यानं नायकाच्या मौनाला कला म्हणून खपवलं. सिस्टर, तुमचं काय मत?”

हेमलताबाई नर्स म्हणून निवृत्त झाल्या त्याला तीन वर्षं झाली होती, पण मंडळात त्या अजून सिस्टरच होत्या. बोलायला फटकळ. पुस्तक कंटाळवाणं वाटलं म्हणून त्यांनी मधली पानं सरळ ओलांडली होती, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.

“मला तो पेंटर भित्रा वाटला,” त्या म्हणाल्या. “स्वतःचं चित्र दुसऱ्याच्या नावानं टांगलेलं दिसतं आणि हा बाबा गुपचूप गाडीत बसतो? असा माणूस असूच शकत नाही. या लेखकानं माणसं पाहिलेलीच नाहीत.”

सगळे हसले. किरणनं तर टाळी दिली.

घरी येऊन त्यांनी हे सगळं रंगवून रोहिदासांना सांगितलं. रोहिदास शिरपूरच्या शाळेत ड्रॉइंगचे शिक्षक होते. आता दिवसभर घरात. मूळचा अबोल माणूस, डोळ्यांच्या ऑपरेशनपासून आणखीच मिटलेला. ते मेथी निवडत होते.

“भित्रा म्हणालीस?”

“मग काय म्हणू?”

“हं. अजून काय काय म्हणाले?”

एरवी मंडळातल्या गप्पांकडे कानाडोळा करणारा नवरा आज एवढी चौकशी करतोय याचं बाईंना जरा नवल वाटलं, पण तेवढंच.

पुढच्या रविवारी चर्चा पुन्हा त्याच पुस्तकावर आली. बाईंच्या शेजारच्या घरातल्या कुंदाबाई सहसा गप्प असायच्या. त्या दिवशी त्यांनी चष्मा लावला.

“बठ्ठं पुस्तक वाईट नही शे हां,” त्या म्हणाल्या. “मझारमा एक जागा माले आवडनी.” आणि पुस्तकाच्या मधलं एक पान काढून त्यांनी वाचायला सुरुवात केली. पेंटरची बायको दवाखान्यात कामाला असते. रात्रपाळी करून आली की दिवसा झोपते आणि झोपेत बडबडते, ‘सात नंबरचं सलाईन संपत आलंय, कुणी बघा गं.’ मग पेंटर आतल्या खोलीतून हळूच म्हणतो, ‘बघितलं, सिस्टर.’ तेव्हा कुठे ती कूस बदलून शांत होते.

सगळे हसले. बाईंच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

हे त्यांचं होतं. शब्दन्‌शब्द त्यांचं. शिरपूरच्या सरकारी दवाखान्यातला सात नंबरचा पेशंट त्यांच्या हातावर गेला होता, तेव्हापासून ही बडबड त्यांच्या झोपेत शिरली होती. बाहेर कुणाला सांगायची ती गोष्टच नव्हती. मग या तापीकराला कुणी सांगितली?

घरी जाताना त्यांनी कुंदाबाईंकडे निरखून पाहिलं. दोन्ही घरांना एकच भिंत. उन्हाळ्यात गच्चीवर झोपलं की इकडची कूस तिकडे ऐकू जाते. शिवाय ही बाई महिन्याआड लेकीकडे जळगावला जाते, आणि पुस्तक जळगावात छापलेलं.

“कुंदाबाई, तुम्ही काही लिहिता का हो?”

“मी?” कुंदाबाई रस्त्यात थांबून हसल्या. “माय वं! मी तं सही करतांना बी दोनदा थांबस.”

ते हसणं खरं होतं. मग उरलं कोण? झोपेतलं बोलणं घरातल्याच माणसाला माहीत असणार. घरात माणसं तीन होती. त्या स्वतः, रोहिदास आणि जमना.

जमना सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरची. तिच्या हातात चित्रकला आहे असं पाहून रोहिदासांनी तिला शिकायला घरी ठेवून घेतलं होतं. दहावी होईपर्यंत ती त्यांच्याकडेच राहिली. आता जळगावच्या एका शाळेत ड्रॉइंग शिकवत होती.

जळगाव! रोहिदास गेलं वर्षभर शनिवारी जळगावला जात होते. ‘जुने मित्र जमतात,’ एवढंच सांगत. कोण मित्र, कुठे जमतात, बाईंनी कधी विचारलं नव्हतं. आता एकेक गोष्ट आठवायला लागली. जाताना घातलेला धुतलेला सदरा. आल्यावर जेवणावर नसलेलं लक्ष. फोन आला की ओट्यावर जाऊन बोलणं. आपल्या पोरीसारखी वाढवलेली मुलगी आणि आपला नवरा, दोघं मिळून आपल्यापासून काहीतरी लपवतायत. काय, याचा विचार करायची बाईंना लाज वाटली आणि तरी तो थांबेना.

शनिवारी रोहिदास गेले. बाईंनी मागची एसटी पकडली. पारोळा गेलं, एरंडोल गेलं. शेजारच्या सीटवरच्या बाईनं विचारलं, “कुठे, लग्नाला का?” तर यांनी तिकीट पर्समध्ये ठेवायला घेतलं.

जमनाचं घर तळमजल्यावर होतं. दार उघडंच, फक्त पडदा ओढलेला. बाहेर रोहिदासांच्या चपला दिसल्या. बाईंनी पडद्याला हात घातला आणि आतून नवऱ्याचा आवाज आला.

“...किरण म्हणतो, चोर लवकर कळतो. ते बरोबर आहे त्याचं. इन्स्पेक्टर काढून टाक. आणि शेवट. आमची ही म्हणते, असा माणूस असूच शकत नाही.”

कीबोर्डची टकटक थांबली. “सर, मग खरं काय झालं ते लिहा ना,” जमना म्हणाली. “दुसऱ्या आवृत्तीत तरी. सुकदेव सरांनी चित्र नेलं इथपर्यंत खरं लिहिलंत. पुढचं का नाही?”

आत खुर्ची करकरली.

“ते नाही लिहिता येत, जमना.”

बाईंचा हात पडद्यावरच राहिला. नाव बदलून पुस्तक लिहिणारा तापीकर आत खुर्चीवर बसला होता, आणि त्यांनी घरी नेलेला एकेक टोमणा त्यानं जपून इथवर आणला होता.

सुकदेव. रोहिदासांचा जिवलग मित्र, चित्रकलेच्या कॉलेजात दोघं एका खोलीत राहिलेले. लग्नानंतर पहिल्याच वर्षी सासरच्या, सावद्याच्या केळीच्या बागेत रोहिदासांनी बाईंना उभं करून एक मोठं चित्र काढलं होतं. सासूबाई बांधावरून ओरडत होत्या, ‘कामं कोण करीन?’ सुकदेव ते चित्र प्रदर्शनासाठी मुंबईला घेऊन गेला आणि वर्षभरानं त्यानं कळवलं की गोदामात पाणी शिरलं, चित्र गेलं. बाईंना वाईट वाटलं होतं. मग संसारात ते विसरून गेलं; पुस्तकाच्या नावावरूनही आठवलं नव्हतं.

आणि चार वर्षांपूर्वी रोहिदास डोळे दाखवायला मुंबईला एकटेच गेले होते.

बाई आत गेल्या नाहीत. आल्या तशा परत फिरल्या. बसमध्ये खिडकीशी बसून त्यांनी पर्समधलं पुस्तक काढलं आणि ओलांडलेली पानं पहिल्यांदा वाचली. संशय फिटला होता, पण बरं वाटत नव्हतं.

रविवारी चहा झाल्यावर त्या माहेरच्या बोलीत म्हणाल्या, “आज तुम्ही बी चाला मंडळात.”

रोहिदासांनी कप खाली ठेवला. आता त्यांची नजर संशयी झाली. “मी कशाला?”

“चाला म्हनस ना मी.”

खोलीत नेहमीची मंडळी होती. प्रेमराज सरांनी पाहुण्याला पुढची खुर्ची दिली. चर्चा संपवायची होती म्हणून त्यांनी सहज विचारलं, “सर, तुम्ही तर चित्रकलेतले. वाचलीत का ही?”

“वाचली,” रोहिदास म्हणाले. “फसलीय.”

किरण खूश झाला. “बघा! आणि शेवट?”

“शेवट खोटा आहे.” रोहिदासांनी बायकोकडे पाहिलं. ती खाली बघत होती. “ही म्हणते ते खरंय. तो पेंटर बोलला नसेल, असं होणारच नाही. बोलला असणार.”

“कुणाशी?”

“दाराशी बसलेल्या माणसाशी. म्हणाला असेल, ते आतलं मोठं चित्र माझं आहे. तो माणूस काही वाईट नसणार. तो म्हणाला असेल, ‘काका, बसा. ऊन लागलं असेल.’ त्यानं पाणी दिलं असेल. पेंटर प्यायला असेल. मग तिथली एक मुलगी आली असेल. तिला यानं चित्रातल्या खुणा सांगितल्या असतील. कुठल्या पानाखाली आधी काय काढलं होतं, ते कसं पुसलं. तिला खरं वाटायला लागलं असेल. ती म्हणाली असेल, थांबा, मी सरांनाच फोन लावते.”

रोहिदास थांबले.

“पेंटरला तेव्हा आनंद झाला असेल,” ते म्हणाले. “चित्राचं राहू द्या. मित्राचा आवाज ऐकायला मिळेल म्हणून. थंडीच्या दिवसांत एका गोधडीत झोपून शिकलेली माणसं ती. पण मुलगी बाजूला जाऊन बोलली असेल. आणि परत येऊन म्हणाली असेल, ‘सॉरी काका. सर म्हणतात, या नावाचा कोणी माणूस त्यांना आठवत नाही.’”

रोहिदासांनी टेबलावरचं पुस्तक उलटं करून ठेवलं.

“मग तो गाडीत बसला. म्हणजे, बसला असेल.”

“अहो, मग हेच लिहायला पाहिजे होतं ना त्या तापीकरानं!” किरण म्हणाला. त्याचा आवाज नेहमीपेक्षा खाली आला होता. “चित्र गेलं त्याचं मला काहीच नाही वाटलं. पण हा फोन...”

“नसेल जमलं त्याला,” रोहिदास म्हणाले. “गप्प राहिलेला माणूस लिहिणं सोपं असतं. त्यात त्याची थोडी अब्रू राहते.”

कुंदाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. “मंग घर उना तं बायकोले काय सांगं त्यानी?”

बाईंनी मान वर केली.

“तिनं विचारलंच नसेल,” त्या म्हणाल्या. “डॉक्टर काय म्हणाले, एवढं विचारलं असेल. ताट वाढून ठेवलं असेल आणि ड्युटीवर गेली असेल.”

प्रेमराज सरांनी एकदा रोहिदासांकडे पाहिलं, एकदा बाईंकडे. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं, प्रश्न ओठांपर्यंत आला असावा. पण ते जुने मास्तर होते. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, “या पुस्तकावरची चर्चा आता पुरी झाली, असं समजू या.”

दोघं बाहेर पडले. पांझरा नदीच्या पुलाकडे जरा फिरून येऊ, असं बाईच म्हणाल्या. पुलावर रहदारी होती. कठड्याच्या बाजूनं रोहिदास, त्यांच्या मागे बाई. मध्यावर आल्यावर बाईंनी मागूनच विचारलं, “कोठे टांगेल व्हतं ते?”

रोहिदास थांबले. वळून बघायला त्यांना जरा वेळ लागला.

“आत गेलं की समोरच्याच भिंतीवर,” ते म्हणाले. “एकटंच. आजूबाजूला दुसरं काही नव्हतं.”

“केवढं व्हतं? माले आते याद नही.”

त्यांनी दोन्ही हात पसरले. पुरेना म्हणून एक पाऊल बाजूला सरकले आणि आणखी पसरले. मागून आलेल्या रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला, मग त्यानं रिक्षा बाजूनं काढली. बाई बघत होत्या. रोहिदासांनी हात खाली घेतले नाहीत.