देव्हाऱ्यातला निकाल

२००४ ची दिवाळी. भाऊबीज झाली आणि भारतकाका आमच्या ओट्यावर येऊन बसला.

"आण्णा, दसऱ्याची फुलं निघाली, दिवाळीची निघाली. मी थांबलो. आता विहिरीतली मोटर काढून घे."

आण्णा म्हणजे माझे वडील. भारतकाका त्यांचा चुलत भाऊ. विहीर दोघांच्या बांधावर. तिच्यात निम्मा हिस्सा आपला, म्हणून आण्णांनी नाशिकच्या कोर्टात दावा टाकलेला. त्याच पाण्यावर आमची शेवंती. फुलं पंचवटीत विकायची, घर चालवायचं. दुसरं काही नाही आमच्याकडे.

आण्णा हसले. "मोटर कशाला काढू? माझ्याकडं कोर्टाचा कागद हाय."

"माझ्याकडं पण तोच हाय," काका म्हणाला.

आण्णांनी मला हाक मारली. "मयूर, काढ रे निकाल."

निकालाची नक्कल पावसाळ्यात मिळालेली. तेव्हा मी सुरतला कामाला होतो, घरात दुसरं कोणी वाचणारं नाही. सोसायटीचा शिपाई बारकू, त्याने पहिलं पान वाचून दाखवलं. 'सदर विहिरीत वादीचा निम्मा हिस्सा असून वादी पिढ्यानपिढ्या पाणी घेत आहे.' वादी म्हणजे आण्णा. पुढचं कोणी ऐकलंच नाही. पेढे आले. वकिलाला द्यायला गेले तर ऑफिसला कुलूप, वकील आजारी. आईने कागदाला हळदकुंकू लावून लाल फडक्यात बांधला आणि देव्हाऱ्यात ठेवला. देवाजवळचं कोण सोडतं?

मी सोडला. मी दहावी नापास. कोर्टाची भाषा दोनदा वाचली तेव्हा कुठे उलगडली.

आधी वादीचं म्हणणं. म्हणजे आमचंच बोलणं, जज नुसतं परत सांगतो. मग प्रतिवादीचं, म्हणजे काकाचं. मग एक तक्ता, डावीकडे मुद्दे, उजवीकडे निष्कर्ष. वादीने हिस्सा शाबीत केला काय? नाही. मनाई हुकूम मिळण्यास पात्र आहे काय? नाही. मग पानंच्या पानं कारणं. अगदी शेवटी आदेश. दावा फेटाळण्यात येत आहे.

"पहिल्या पानावर काय हाय मग?" आण्णांनी विचारलं.

"ते तुम्हीच सांगितलेलं आहे, आण्णा."

"खोटं असतं तर कोर्टानं लिहिलं असतं का?"

मी पानं जुळवून कागदाची घडी घातली. काका उठला. म्हणाला, "कोर्टाची सुट्टी संपू दे. विचारून या कुणाला."

सुट्टीनंतर गेलो. वकिलांच्या हाताखालच्या मॅडमनी आधी शेवटचं पान उघडलं.

"अपिलाची मुदत गेली. उशीर माफ करा असा अर्ज करता येतो. कारण काय लिहू?"

"देव्हाऱ्यात होता."

त्या हसल्या नाहीत. कारणांची पानं वाचत राहिल्या. "जुन्या खरेदीखतात विहिरीचा उल्लेख नाही, त्यावर गेलंय सगळं. दुसरा काही पुरावा?"

आण्णा म्हणाले, "पाणी घेतो ना आम्ही."

मॅडमनी कागद परत दिला.

मोटर जड. काकानेच दोर आणला. आण्णा, मी आणि काका, तिघांनी मिळून ओढली. वर आल्यावर काका म्हणाला, "चहा घेऊ या का?" आण्णा दोर गुंडाळत राहिले. शेवंतीच्या वाफ्यांकडे बघतही नव्हते.

घरी आईने कागद पुन्हा लाल फडक्यात बांधला. विचारलं, "कुठं ठेवू आता?"

"होता तिथंच," आण्णा म्हणाले.