गच्चीवरचा दुधी

प्रमिलाबाईंनी गाळलेला रस बोटाने जिभेला लावला आणि लगेच मोरीत थुंकल्या.

"हाऊ रस कडू शे," त्या म्हणाल्या. घाबरल्या की त्यांच्या तोंडी माहेरची बोली येई. "आमच्याकडे दुधी चिरण्याआधी चकती चाखून बघत. कडू निघाला तर गुरांपुढेही टाकत नसत."

योगराजांनी ग्लास पुढे ओढला. निवृत्त झाल्यापासून त्यांनी घरातली साखर बंद केली होती, बिस्किटं बंद केली होती, पिशवीतलं तेलसुद्धा. गच्चीवर स्वतः वेल चढवला होता, शेणखतावर. कारखान्याचा हात लागला नाही तेच अन्न, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत.

"ना फवारलेला, ना शिजवलेला. यात विष कुठून येईल?"

"वेलातूनच येतं."

"कडू तेच औषध," म्हणत त्यांनी डोळे मिटून ग्लास रिकामा केला.

अर्ध्या तासाने ते मोरीपाशी वाकले, ते त्यांना उठवेना. तिसऱ्या उलटीत रक्त दिसलं, तेव्हा प्रमिलाबाई चपला न घालताच रिक्षा बघायला धावल्या.

दवाखान्यात डॉक्टर तरुण होता.

"बाहेरचं काही खाल्लं होतं का?"

"नाही," योगराज पुटपुटले. "सगळं घरचं. नैसर्गिक."

"कडू दुधीचा रस प्यायलेत," प्रमिलाबाई म्हणाल्या. "ग्लासभर."

डॉक्टरचा लिहिता हात थांबला. त्याने नर्सला हाक मारून सलाईन लावायला सांगितलं. मग विचारलं, "घरात आणखी कोणी प्यायलं?"

प्रमिलाबाईंनी नकारार्थी मान हलवली. योगराजांनी मात्र डोळे उघडले.

"काल शेजारचा रतिलाल जळगावला गेला," ते कसेबसे म्हणाले. "त्याच्याजवळ एक दुधी दिला. त्याच वेलाचा. दिपमालाला."

लेक बापाच्या शब्दाबाहेर नव्हती. सासरीही रोज सकाळी रस घेई. प्रमिलाबाईंनी व्हरांड्यात येऊन फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर जावयाने उचलला.

"आई, ती आत आहे. मघापासून उलट्या चालल्यात." भूषण म्हणाला. मग त्याच्या आवाजात लाजरं हसू आलं. "इतक्यात सांगायचं नव्हतं तुम्हाला, पण गोड बातमी असावी."



"भूषणराव, आज रस घेतला तिने?"

"घेतला की. आबांनी पाठवलेला म्हणून माझा वाटाही तिनेच संपवला."